स्पेशालिस्टचा तास

मी निघाले त्या दिवशी बुवापाड्यातल्या आमच्या घरापासून गाडीच्या दारापर्यंत आईचं तोंड बंद नव्हतं. "पासपोर्ट वर ठेव. लोणच्याची बरणी आडवी करू नकोस. तिकडे थंडी असते, कान झाकून हिंड." बाबा बॅग उचलून मागे. शेजारच्या काकू रडत होत्या, मीही रडत होते, तर आई म्हणते कशी, "रडू नकोस गं, घसा बसेल." अशा वेळी कोण असं बोलतं? पण माझी आई गाण्याची बाई होती, तिला जगात दुसरी भीतीच नव्हती. गाडी मोरिवलीच्या कंपन्यांवरून वळली तरी मला ती दिसत होती, आणि तिचा हात अजून काहीतरी सांगत होता.

अंबरनाथच्या एका मराठी प्राथमिक शाळेत ती गाणं शिकवायची. गाण्याला वेगळी खोली वगैरे काही नाही. शिपाई पेटी उचलून या वर्गातून त्या वर्गात न्यायचा, मागून आई. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई दारात हजर. "बाई, आजचा तास देता का? भागाकार राहिलाय." आई हसून तास द्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. "माझा तास म्हणजे काय धर्मशाळा आहे? कुणीही यावं, पथारी टाकावी!" मग चहा पिऊन शांत व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तास देऊन यायची.

आता मी मेलबर्नला आहे. माझी मुलगी रेवा इथल्या प्राथमिक शाळेत दुसरीत जाते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आलेत त्यांना माहीतच असेल, इथे आठवड्यातला एक दिवस स्पेशालिस्ट विषयांचा असतो. त्या दिवशी वर्गशिक्षिका नसते. चित्रकला, संगीत, पीई, लायब्ररी, परकी भाषा, प्रत्येकाची वेगळी बाई. आमचा तो दिवस मंगळवार. रेवा पहिलीत असताना एका मंगळवारी मी फोनवर सहज म्हटलं, "आई, आज रेवाचं स्पेशालिस्ट होतं, दमलीय." तिकडे आई घाबरून, "स्पेशालिस्ट? अगं काय झालंय पोरीला? आधी का नाही सांगितलंस?" बाबांना हाका, बाबा धावत. आमच्याकडे स्पेशालिस्ट म्हणजे मोठा डॉक्टर, साध्या डॉक्टरने हात टेकले की ज्याच्याकडे पाठवतात तो! मी हसून हसून बेजार, आणि आई चिडलेली. "असली नावं ठेवतात का शाळेत?"

मग तिला सगळं ऐकायचं होतं. चित्रकलेला काय करतात? माती मळतात, रंग कालवतात, ॲप्रन घातला तरी कपडे माखतातच. पीईला? एका पायावर उभं राहणं, चेंडू झेलणं, झेलता नाही आला तरी न रडणं. भाषा कुठली? जपानी. "जपानी! घरी मराठीचे वांधे आणि पोरगी जपानी शिकतेय?" आणि संगीत? त्याला वेगळी खोली आहे, म्हटलं. भिंतीला ढोलकी, झायलोफोन, खाली गालिचा, मुलं गोल करून बसतात. आधी नुसता ठोका ओळखायला शिकतात, मग स्वर.

"वेगळी खोली?"

"हो."

"आणि तो तास कुणी मागत नाही?"

"नाही गं. कुणी हात लावत नाही त्या तासाला."

तिने फोन बाबांच्या हातात दिला. मला फार वाईट वाटलं. तिचे किती तास भागाकारात गेले असतील!

त्याच वर्षी रेवाच्या संगीताच्या बाईंनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेतलं एक गाणं आणायचं. आईला निरोप मिळाला आणि ती कामाला लागली. निवृत्तीनंतर ते दोघं बदलापूरला, शिरगावात राहायला गेले होते. तिकडे तिचा कुकर लावायची वेळ, इकडे रेवाची शाळा सुटलेली. गाणं आईनेच पूर्वी पहिलीच्या मुलांसाठी रचलेलं:

वांगं म्हणालं भेंडीला, चल गं जाऊ जत्रेला,
भेंडी म्हणाली थांब जरा, तेल लावते वेणीला.

दोघी व्हिडिओ कॉलवर बरोबर गायला बसल्या आणि सगळा बट्ट्याबोळ झाला. फोनमधून आवाज जरा उशिरा पोचतो ना. आई गायची, रेवाचं तिला मागून ऐकू यायचं, मग ती रेवासाठी थांबायची. इकडे रेवा आजीसाठी थांबायची. थांबता थांबता वांगं आणि भेंडी वाटेतच बसायची. आई मला हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण पोरगी लयीत नाही." बाबा मागून ओरडले, "अगं, रेंजचा प्रॉब्लेम आहे तो!" आईला पटेना. तीस-पस्तीस मुलांना ठेक्यावर आणलेली बाई, ती रेंजचं काय ऐकणार?

शेवटी तिने शाळेतली रीत काढली. "रेवा, माझ्या मागून म्हण." तिने एक ओळ म्हणायची, थांबायचं, मग रेवाने. झकास जमलं! रेवा नाचायलाच लागली. "आजी, आमची मिस पण सेम बोलते! माय टर्न, युअर टर्न!" आई अशी खूश झाली की काय सांगू. पण फोन ठेवताना म्हणाली, "मागून म्हणणं म्हणजे शिकणं. गाणं म्हणजे बरोबर म्हणणं. ते तू इथे आलीस की करू हं, बाळा." तेव्हापासून दर मंगळवारी ते ठरलेलं. मागून म्हणायचं, आणि बरोबर म्हणायचं ते घरी गेल्यावर.

मग आईचा आवाज फाटायला लागला. आधी म्हणे सर्दी, मग धूळ, मग "उगाच काय". शेवटी बाबांनी तिला उल्हासनगरला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. म्हातारे सिंधी डॉक्टर, प्रेमळ. आत दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, "मास्तरनीजी, गला बहुत चलाया है आपने. ऑपरेशन करना पड़ेगा. बोलना आ जाएगा. गाने का मैं प्रॉमिस नहीं करता." बाबांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. रेवाला एवढंच कळलं की आजी स्पेशालिस्टकडे जाऊन आली. "आजी, तुला पण स्पेशालिस्ट? काय शिकवलं?"

"गप्प बसायला शिकवलं गं," आई म्हणाली.

ऑपरेशनच्या आधी आम्ही बदलापूरला पोचलो. आई गॅलरीत उभी, केस विंचरून, जरीच्या काठाची साडी. चहा व्हायच्या आत पेटी बाहेर. "ये गं, आता बरोबर म्हणायचं." तिने ठेका धरला आणि दोघींनी सुरू केलं. म्हणजे आईने सुरू केलं. रेवा गप्प राहिली, आईची ओळ पुरी झाली, मग रेवाने सुरेख, अगदी स्वरात तीच ओळ म्हटली.

"मागून नको बाळा, बरोबर."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रेवाने एकत्र म्हणायचा प्रयत्न केला आणि शब्दच विसरली. तिला ते गाणं तसंच येत होतं, मध्ये गप्प बसण्याच्या जागांसकट. आम्ही होतो तितके दिवस आईने सगळं करून बघितलं. टाळ्या, चमच्याने ताटलीवर ठेका, मांडीवर बसवून. फाटक्या आवाजात ती ओळ ओढून धरायची, आणि पोरगी शहाण्यासारखी थांबायची, आजीची पाळी मोडू नये म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. बाबा म्हणाले, "राहू दे आता, घसा जपायचाय." निघायच्या आदल्या दिवशी आईने पेटीचा भाता बांधला आणि रेवाच्या केसांवरून हात फिरवला. "छान गातेस हो. सूर पक्का आहे तुझा."

ऑपरेशन आम्ही परतल्यावर झालं, नीट झालं. बोलणं परत आलं, घोगरं. गाणं आलं नाही.

इथे आपली माणसं जेवायला जमली की कुणीतरी विचारतंच, घर म्हणजे तुला काय वाटतं? कुणी पुरणपोळी म्हणतं, कुणी अंगण. मला वाटतं, जिथे दोन माणसांना एकच ओळ एकाच वेळी म्हणता येते ते घर. इथल्या संगीताच्या खोलीत रेवा वीस मुलांबरोबर गाते, एका ठेक्यात, एकही चूक नाही. मी दारात उभी राहून ऐकते आणि मला आनंद होतो, आणि आईची इतकी आठवण येते की गाणं संपायच्या आत मी निघून येते.

मंगळवारचा फोन मात्र चुकत नाही. परवा रेवाने स्टुलावर फोन उभा केला, समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, तू माझ्या मागून म्हण." तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. पडद्यावर आईचे ओठ हलले, जरा उशिरा, आवाजाशिवाय.

"व्हेरी गुड आजी," रेवा म्हणाली, आणि पुढची ओळ घेतली.