टकलावर न मावणारी गोष्ट

कात्रीमामांचे हात आणि तोंड एकाच वेळी चालत. सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, डोक्यावर पाण्याचा फवारा मारला की गोष्ट सुरू. आणि मानेवरचे केस ब्रशने झटकले की गोष्ट बंद. झटकल्यावर मामा एक शब्द जास्त बोलत नसत, कारण बाकावर पुढचा माणूस पेपर वाचून वाचून कंटाळलेला असे.

शनिवारी दुपारी मात्र मामा सलूनला कुलूप लावून, पेटी घेऊन वृद्धाश्रमात जात. चर्चमध्ये एकदा सगळ्यांना विचारलं होतं, कोण काय सेवा करणार? कोणी गाणं पत्करलं, कोणी मुलांना शिकवणं. मामा म्हणाले, "मला कापता येतं." तेव्हापासून आश्रमातल्या आजोबांची हजामत फुकट, आणि सोबत येशूची एक गोष्ट, तीही फुकट.

हजामत सगळ्यांना हवी होती. गोष्टीला काही गिऱ्हाईक मिळेना. एक आजोबा खुर्चीत टेकताच कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत, केस अडकतात म्हणून. दुसरे पहिल्या वाक्यालाच घोरू लागत. तिसरे सरळ सांगत, "आज गोष्ट राहू दे, कानातले केस तेवढे नीट काढ." अशी वर्षं गेली. घटकाभर प्रार्थनेला बसावं असं एकालाही वाटलं नाही. चर्चमध्ये बाकीचे आपापल्या सेवेचं रसभरीत वर्णन करत, आणि मामांची पाळी आली की ते म्हणत, "आमच्याकडे सगळ्यांचे केस छान वाढतायत." लोक हसत. मामाही हसत, पण घरी येईपर्यंत त्यांचं तोंड उतरलेलं असे.

शेवटी एका शनिवारी जेवता जेवता त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "आज शेवटचं. आश्रमाच्या मॅडमना सांगून येतो, दुसरा कोणीतरी बघा. आपण देवासाठी काही करतोय, हा माझाच गोड गैरसमज होता."

"देवाने तुम्हाला पीक मोजायला सांगितलं होतं का?"

"नाही. पण एखादं कणीस तरी दिसावं माणसाला."

"आपण इमानाने करत राहायचं. त्याच्यासाठी केलेलं तो वाया जाऊ देत नाही. भाजी वाढू?"

हेच वाक्य मामांनी आजवर कितीतरी जणांना ऐकवलं होतं. आपल्यालाच कोणी ऐकवलं की ते इतकं बेचव लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

आश्रमात शिरताच त्यांनी व्यवस्थापक मॅडमना म्हटलं, "जाताना जरा बोलायचंय," आणि व्हरांड्यात खुर्ची मांडली.

पहिला नंबर नेहमीप्रमाणे ड्रायव्हरआजोबांचा. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, आवाजही हॉर्नसारखा. डोक्यावर मधे लख्ख मैदान आणि कडेने केसांची बारीक झालर. सगळ्या आश्रमात जागेपणी गोष्ट ऐकणारे तेवढेच, आणि त्यांची फर्माईशही एकच. "बाप आणि दोन पोरांची लावा," ते रेडिओला सांगावं तसं सांगत.

मामांनी लावली. धाकट्याने बाप जिवंत असताना आपला वाटा मागितला. घेऊन दूर देशी गेला. सगळं उधळलं. दुष्काळ पडला, दोस्त पसार झाले, पठ्ठ्या डुकरं राखू लागला. भूक अशी की डुकरांचं खाणंही गोड वाटावं. इथवर आले आणि झालर संपली. मामांनी सवयीने मानेवरचे केस झटकले.

ड्रायव्हरआजोबा समाधानाने उठले. "तुमची गोष्ट एक नंबर. कार्ट्याची बरोबर खोड मोडली."

"म्हणजे?"

"माझ्या पोराने माझा ट्रक परस्पर विकला आणि तोंड काळं केलं. आता दर शनिवारी येऊन फाटकाजवळ बसतो. मी निरोप पाठवतो, झोपलोय म्हणून. आधी आधी जरा कसंतरी व्हायचं. मग तुमची गोष्ट ऐकली. म्हटलं, देवानेसुद्धा त्या पोराला डुकरांतच ठेवलाय, मग आपलं काय चुकलं?"

ही गोष्ट त्यांनी दर वेळी पूर्ण सांगितली होती, त्याबद्दल त्यांना जराही शंका नव्हती. सांगितली होतीच, फक्त उरलेली अर्धी पुढच्या डोक्यावर. आणि पुढचं डोकं म्हणजे यंत्र खिशात ठेवणारे आजोबा. कणीस दिसत नाही म्हणून ते कुरकुरत होते, आणि हे एक उगवलं होतं ते असं कडू.

"बसा," मामा म्हणाले.

"अहो, झाले ना केस."

"दाढी करतो. गोष्ट संपलेली नाही."

त्यांनी दोन्ही गालांना फेस लावला. मुलगा शुद्धीवर आला, असं सांगत वस्तरा चालवू लागले. घरी जाऊन काय बोलायचं ते त्याने पाठ केलं. मी मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला नोकर म्हणून ठेवा. तो अजून दूर होता, तेवढ्यात बापाने त्याला पाहिलं आणि धावत सुटला.

"कोण धावला? पोरगा?"

"बाप."

"म्हातारा?"

"हो. जाऊन गळ्यात पडला. पोरगा माफी मागत होता, ती पुरती बोलूही दिली नाही. घरात नेला, नवे कपडे घातले, जेवण घातलं."

एक गाल झाला होता. ड्रायव्हरआजोबांनी मामांचा वस्तऱ्याचा हात बाजूला सारला. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "हे इतकी वर्षं मला का नाही सांगितलं?"

"चूक झाली, आजोबा. तुमचे केस कमी पडले."

आजोबा हसले नाहीत. काठी उचलली आणि उठले. गळ्यात कपडा, एका गालावर फेस, तसेच पायऱ्या उतरून अंगणात. मामा वस्तरा मिटून मागोमाग धावले, म्हातारा पडायचा एखाद वेळेस. फाटकाजवळच्या बाकावरून एक पिकल्या केसांचा माणूस गडबडून उभा राहिला. "बाबा, मी म्हणजे, तो ट्रक..." एवढंच त्याला बोलता आलं.

"गप्प बस," आजोबा म्हणाले, आणि काठी टाकून त्याच्या गळ्यात पडले. मुलाच्या शर्टाचा खांदा फेसाने पांढरा झाला.

मामा भिंतीकडे तोंड करून रडले, अगदी मोकळेपणाने. आपण नुसती कात्री चालवत राहिलो, आणि तीही अर्धवट. बाकीचं सगळं देवाने सांभाळलं. बाकावरच्या माणसालाही इतके शनिवार त्यानेच धीर दिला. घरून निघताना जे बेचव लागलं होतं, ते आता घशाखाली उतरलं. प्रभू, मला काढून टाकलं नाहीस, असं ते मनातल्या मनात म्हणाले.

व्हरांड्यात मॅडम उभ्या होत्या. "मामा, तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं ना?"

मामांनी नाक पुसलं. "हो. पुढच्या शनिवारपासून जरा लवकर येत जाईन म्हणतो. टक्कलवाल्यांना फार वेळ लागतो."