आधी विचारून घ्या

त्या दुष्काळात आमची कॉलनी नवीकोरी होती. शहर बीड बायपासच्या पलीकडे पसरलं, पण नळ काही मागोमाग आला नाही. टँकर यायचा तो संध्याकाळी, आणि घरी आई एकटी. कंपनीत पाच वाजत आले की माझा जीव खालीवर व्हायचा.

माझं काम कॉम्प्युटर विभागात. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करायची, एकेक शोधून, माऊसनं. खातं बंद झालं की गेटवरच्या हजेरी मशीनमधूनही त्या माणसाचं नाव जायचं. शेजारच्या टेबलावर सिल्लोडचे एक वयस्कर सहकारी बसत. सगळे त्यांना भाई म्हणायचे. माझी चिडचिड ऐकून एकदा ते म्हणाले, “ताई, रोज तेच तेच करता. एकदा लिहून का नाय ठेवत?”

अशी कॉम्प्युटरला लेखी हुकूम देणाऱ्या पॉवरशेलशी माझी गाठ पडली. निळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा आणि मशीन निमूट ऐकतं. घरात माझं इतकं कुणी ऐकत नाही. जेवणाच्या सुट्टीत भाई शिकवत. त्यांचा हट्ट एकच, हुकमाच्या शेवटी ‘व्हॉटइफ’ लिहायचं. मग मशीन काही करत नाही, काय केलं असतं तेवढं सांगतं. मला तो नुसता वेळकाढूपणा वाटायचा.

महिनाभर हजेरी नाही ते खातं बंद, अशी माझी पहिली स्क्रिप्ट, म्हणजे एका दमात चालणारी हुकमांची यादी, तयार झाली. टँकरची वेळ झाली होती. मी थेट चालवायला निघाले.

“आधी विचारून घ्या,” भाई म्हणाले.

तोंड वाकडं करून मी तो शब्द जोडला. पडद्यावर नावं सरकू लागली ती थांबेचनात. अख्खी दुसरी पाळी होती. पाणी नाही म्हणून कंपनीनं त्यांना घरी पाठवलं होतं, पावसानंतर बोलावतो म्हणून. टँकर विसरून मी ती नावं पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

“घरी जा ताई,” भाई म्हणाले. “मशीन थांबतं, टँकर थांबत नाय.”

दुसऱ्या दिवशी त्या पाळीला वगळणारी ओळ आम्ही मिळून लिहिली.

पावसाळ्यात पाळी परतली, तेव्हा मी मुद्दाम गेटवर जाऊन उभी राहिले. माणसं आधीच धास्तावलेली. नाव आलं नसतं, तर कामावरून काढलं असं समजून कुणाला न विचारताच त्यांनी गावची एसटी धरली असती. एकेकानं मशीनवर बोट ठेवलं, नाव उमटलं, माणूस आत गेला. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यासाठी मी भाईंची जन्माची ऋणी आहे.