जबडा बांधलेला असताना आलेली हाक

आधीच सांगून टाकते — चकवा, हडळ, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. मी विज्ञान शिकवते. गावात कुणाला 'बाहेरचं' झालं म्हटलं की मी आधी ताप मोजायला सांगते, आणि त्यावरून आईची बोलणी खाते. तरीही हे लिहितेय, कारण उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमचं गाव एकोडी, साकोली तालुका. माझं नाव सुषमा, आणि तेच मला नीट म्हणता येत नव्हतं... दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत बोट जाईल एवढी फट राहायची. त्यातून जीभ बाहेर यायची आणि मी व्हायचे 'थुथमा'. नोकरीसाठी शाळेत डेमो लेसन दिला की पोरं फिदीफिदी हसायची, आणि नोकरी दुसऱ्या कुणाला मिळायची. चेहऱ्याचं मला फारसं काही नव्हतं. मला स्वच्छ बोलायचं होतं, बस.

नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी सीटी स्कॅनवरून माझी कवटी कॉम्प्युटरवर उभी केली. बाबा शेजारीच होते. मॅडमनी माऊसने वरचा जबडा कापला, मागच्या बाजूने थोडा वर उचलला, तसा खालचा फिरून वर आला आणि फट मिटली. खऱ्या ऑपरेशनमध्ये जबडा नेमका तिथेच बसावा म्हणून त्याच मापाची प्लास्टिकची पट्टी मशीनवर छापून दातांमध्ये ठेवणार होत्या. तिला स्प्लिंट म्हणतात. मग स्क्रीनवर माझा ऑपरेशननंतरचा चेहरा आला. बाबा खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले.

"जित्या पोरीची कवटी दाखवली, चेहरा दाखवला," ते म्हणाले. "मॅडम, हिचा आवाज कसा येईन, तेबी आयकवते का हे?"

मॅडम हसल्या नाहीत. कॉम्प्युटर हाडांचं सांगतो, म्हणाल्या. जिभेला लहानपणापासूनची सवय आहे, बोलणं किती सुधारेल ते कुणीच सांगू शकत नाही. बाबांचं मन नव्हतं, पण माझ्यासाठी त्यांनी सही केली.

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा स्प्लिंट तोंडात, आणि वरचे-खालचे दात रबरांनी घट्ट बांधलेले. सिरिंजने भाताची पेज प्यायची, काही हवं असलं तर मोबाइलवर लिहायचं. बाकी सगळं हूं-हूं. धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती.

त्या दुपारी मी पडवीत खुर्चीवर बसले होते, आई समोर पेज गाळत होती. बाबा शेतातून अवेळीच परत आले. पायात चप्पल नाही, ओठ पांढरेफटक.

"आपल्या वावरात कोन बाई आलती?" त्यांनी आईला विचारलं.

झालं असं — ते बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या पाण्यात पाय टाकणारच होते, तेवढ्यात मागून एक बाई बोलली. "बाबा, मांगं सरका." ते थबकले, वळले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर कुणी नव्हतं, पार बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या पाळीपर्यंत कुणी नव्हतं. पुन्हा पुढे पाहिलं तर पाण्यावर बेडूक उलटे तरंगत होते... आणि मोटरीची वायर तुटून बांधीत पडली होती. वीज चालू.

आईने विचारलं, आवाज कुणाचा होता? "नाई वळखला," बाबा म्हणाले. "कधी आयकलाच नाई. मास्तरीनवानी साफ बोलली."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कशाला पाहतील? मला तर तोंड उघडता येत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ते त्या बाईचे आभार मानायला तिला शोधत फिरले. नर्सबाई, बचत गटाच्या मॅडम, शाळेतल्या बाई... सगळ्या नाही म्हणाल्या. आईने नारळ फोडला. मी मोबाइलवर लांबलचक लिहून दाखवलं, की तुम्हाला बेडूक ओझरते दिसले असतील आणि तुमच्या मेंदूनेच तुम्हाला थांबवलं. बाबांनी ते वाचलं आणि मोबाइल परत दिला.

पुढे रबरं निघाली. आरशासमोर सा, सी, सू सुरू झालं. आठवडेच्या आठवडे 'थ'च येत होता, मी रडकुंडीला आले होते. धान कापणीला आलं तेव्हा एका सकाळी खोलीत सूर्यमालेचा धडा वाचत होते आणि अचानक 'स' आला. स्वच्छ! आनंदाने मी तेच वाक्य मोठ्याने पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं.

बाहेर बाबा विळ्याला धार लावत होते. तो आवाज थांबला. ते दारात येऊन उभे राहिले.

"आत कोन हाये?"

मीच, म्हटलं. हातातला विळा त्यांनी खाली ठेवला. "म्हन... 'बाबा, मांगं सरका' म्हन."

मी म्हटलं.

बाबा उंबऱ्यावरच खाली बसले. "हाच," म्हणाले. "हाच होता."

आठवण फसवते हे मला माहीत आहे, तुम्हीही तेच म्हणाल. पण जो आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता, तो बाबांना आठवणार तरी कुठून? तपासणीला गेले तेव्हा मॅडमनी नवा स्कॅन जुन्या प्लॅनवर ठेवून पाहिला. तंतोतंत जुळलं म्हणून खूश झाल्या. मी हा किस्सा सांगितला. त्यांनी तो दोनदा सांगायला लावला आणि मग पुढच्या पेशंटला बोलावलं.

आता मला शाळेत नोकरी आहे. बाबा रोज बांधीत उतरण्याआधी धुऱ्यावर थांबतात, कान देतात. काही ऐकू आलं नाही की बिनधास्त पाय टाकतात. वायर तपासायचंही सोडलंय. मी ओरडले तर म्हणतात, "तू हायेस नं."

मी वर्गात असते तेव्हा फळ्यावर लिहिता लिहिता थांबते, आज त्यांना हाक कोण देईल... कारण मला आठवतं ते एवढंच, की त्या दुपारी मी खुर्चीत बसून पेजेची वाट पाहत होते.