चौदा नंबरची नळी

वत्सूआजी गेली, एवढंच मी तुम्हा नातवंडांना फोनवर सांगितलं. उरलेलं लिहायला महिना लागला...

माझ्या या नणंदबाई, मी त्यांना वन्सं म्हणे, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि भोरला आमच्याकडेच राहिल्या. वर्षातून दोन-तीनदा एसटीनं घाट उतरून कोकणात जायच्या आणि खाडीतल्या तिवरांच्या मुळाशी साचलेला चिखल डब्यांत भरून आणायच्या. त्या खाऱ्या चिखलात यीस्ट असतात, पाव फुगवणाऱ्या यीस्टचीच भावंडं. एखादीकडे तेलकट घाण फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. वन्सं ती शोधत होत्या. काचेच्या बशीत तेल मिसळलेला अगर, म्हणजे समुद्रशेवाळाची जेली, ओतून त्यावर चिखलाचं पाणी पसरायचं. वाढलेल्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं, तर विकर आहे. बहुधा उमटायचंच नाही. उत्रोलीहून दूध घालायला येणारी हिराबाई चिडवायची, "आत्याबाई, दर्याच्या चिखलाला इरजाण लावताय व्हय? ताक कवा मिळायचं आमाला?"

बऱ्याच वर्षांनी एका ठिपक्याभोवती रुंद कडं उमटलं. तो वन्संनी चौदा नंबरच्या नळीत वाढवला. पुण्याची एक प्रयोगशाळा तपासून द्यायला तयार होती. आणखी एक नळी भरून घेते, मग पाठवू, असं म्हणत असतानाच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

त्या घरी येतील तेव्हा सारं लख्ख असावं, म्हणून मी फ्रिज साफ करायला काढला. खालच्या खणात नळ्या होत्या. कापसाचे बोळे पिवळे पडलेले, आत साय धरल्यासारखं काहीतरी, आंबूस वास. खराब झालं असणार, असं मीच ठरवलं. टाकण्याआधी कुकरला लावून आतलं जिवंत ते सगळं मारायचं, हा त्यांचाच नियम. मी तो तंतोतंत पाळला. मग नळ्या धुऊन, पुसून, नंबरांच्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवून ओळीनं लावल्या.

घरी आल्यावर त्यांनी फ्रिज उघडला.

"वहिनी, शिट्ट्या किती केल्यात?"

"चार."

"पुष्कळ झाल्या," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी गाडी करून त्याच खाडीवर गेले. दोनदा. त्यांनी काढून दिलेल्या खुणांवरून चिखल आणला. उशीला टेकून, भिंग धरून त्या बशा बघत राहायच्या... ठिपके पुष्कळ, कडं एकालाही नाही. "रोजची भरती चिखल हलवते, वहिनी. तुमचा काय दोष?" असं त्या मलाच समजवायच्या. शेवटची बशी त्यांच्यामागे मीच पाहिली. तिच्यातही काही नव्हतं.

सुतकाच्या दिवसांत घरातलं विरजण मोडलं. हिराबाई वाटीत घेऊन आली. माझ्या डोळ्यांत पाणी बघून म्हणाली, "इरजाण मोडलं तर शेजारनीकडनं आणायचं, वैनी. त्यात रडायचं काय?"

दही घट्ट लागलं. वाटी ठेवायला फ्रिजमध्ये जागा करावी लागली नाही. खालच्या खणात आता फक्त चौदा नंबरची नळी असते. अगदी स्वच्छ.