तळहातानं पारखलेली गादी

कोकिळाबाईंची कंबर आता त्यांच्या एकटीची राहिली नव्हती. केळझरच्या गणपतीला आलेले पाहुणे टेकडी उतरून चहाला टेकले, की अर्धा कप संपायच्या आत कंबरेवर येत. एक म्हणे जमिनीवर झोपा. दुसरा म्हणे, जमिनीवर झोपाल तर जन्माच्या आखडाल. कुणी उताणं सांगे, कुणी पालथं, आणि प्रत्येकाच्या कुठल्यातरी मावशीला त्यानं हमखास गुण आलेला असे. या साऱ्या मावश्यांना एका टेम्पोत भरून बोर धरणापाशी सोडून यावं, असं कोकिळाबाईंच्या फार मनात येई. पण टेम्पोत चढायलाही कंबर लागते.

जन्मभर वाकून कपाशी वेचली, त्यावर मागच्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, मणक्यातली चकती सरकली आहे. ऑपरेशन नको, पण रोज व्यायाम करा, वाकून ओझं उचलू नका आणि झोप नीट घ्या. गादी फार मऊ नको, फार कडकही नको. कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा.

"गुडघ्यात उशी?" कोकिळाबाई दवाखान्याच्या पायरीवरच भडकल्या. "साठीच्या बाईनं असं झोपाचं? लोकं काय म्हनतीन?"

लोक त्यांच्या झोपायच्या खोलीत कधी येणार होते, हे विचारायची त्यांच्या नवऱ्याची, नानाजींची, छाती झाली नाही. संसार टिकतो तो अशाच न विचारलेल्या प्रश्नांवर.

खरं दुखणं कंबरेपेक्षा वेगळंच होतं. लेक मोहिनी गरोदर होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे काही कुणी कुणाला सांगायची गोष्ट नाही. गल्लीतली निम्मी पोरं कोकिळाबाईंच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि तेल जिरवून ऊन पाणी घालायचं. दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घातली, आता स्वतःची नात किंवा नातू येणार, तर पाय लांब केले की कंबरेतून टाचेपर्यंत कळ जायची. झोप झाली असली तर थोडं बसता तरी येई. पण झोप होते कुठे?

मोहिनीच्या सासूबाई सुमित्राबाई जाम गावी राहत. चौरस्त्यावर जावयाचं टायरचं दुकान होतं. त्यांचा फोन येई तो असा, "विहीनबाई, कंबर कशी आहे जी तुमची?"

"एकदम मस्त!" कोकिळाबाई भिंत धरून सांगत.

"नाई, होत नसन तं सांगा. आमी इकडेच करतो बाळंतपण."

त्यात वाईट काही नव्हतं, बाई मायेनंच बोलत. पण मायेनं टोचलेली सुईसुद्धा टोचतेच. फोन ठेवला की कोकिळाबाई घरातल्या भांड्यांवर राग काढत.

मग नानाजींनी मनावर घेतलं. कापसाच्या गावात गादी विकत आणायची म्हणजे नाक कापून घेणं, असं त्यांचं मत. घरचा कापूस, आपल्याच शेतातला, लांब धाग्याचा! सेलूचा चिंधू गादीवाला म्हणत होता, "नानाजी, पुरे झाला जी, आता शिवू द्या." पण नानाजी ऐकतात कशाला. बायकोच्या कंबरेसाठी हात आखडता घेणारा माणूस नव्हे तो. त्यांनी आणखी एक गाठोडं ओतलं. गादी घरी आली ती गाभण म्हशीसारखी. मधोमध उंचवटा आणि दोन्हीकडे उतार. कोकिळाबाई रात्रभर इकडून घसरत आणि तिकडून चढत. महिनाभरात मधला कापूस दबून तिथंच खड्डा झाला, आणि मग त्या खड्ड्यातून सकाळी बाहेर काढायला नानाजींचा हात लागू लागला.

"कापूस पाह्य ना कसा पांढराशुभ्र आहे," नानाजी आल्यागेल्याला गादीचं टोक उसवून दाखवत.

"मले झोपाचं आहे," कोकिळाबाई म्हणाल्या, "बजारात नाई न्याचं मले त्याले."

शेवटी पोरगा धनंजय मध्ये पडला. तो वर्ध्यात नालवाडीला राहायचा, कचेरीत नोकरी. त्यानं आईबाबांना वर्ध्याला बोलावलं आणि हिरालालच्या गाद्यांच्या दुकानात नेलं. दुकानात पलंग मांडलेले, त्यावर नाना जातीच्या गाद्या. हिरालाल भला माणूस. म्हणाला, "काकू, झोपून पाहा. कुशीवर पडा दहा मिनिटं. झोपल्याशिवाय गादी कळत नाई."

कोकिळाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. परक्या पुरुषांच्या देखत, भर दुकानात, रस्त्यावरची माणसं काचेतून पाहत असताना, आडवं व्हायचं? मेल्यावर झोपवतील तेव्हा झोपू. त्या गादीच्या काठावर टेकल्या आणि ज्या हातानं जन्मभर कापूस पारखला तो हात त्यांनी गादीवर दाबला. एक दाबली, दुसरी दाबली. तिसरी हाताला अशी गोड लागली, की त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

"ही," त्या म्हणाल्या. "माल चांगला आहे."

"काकू, ती लई मऊ आहे."

"मले कापूस नको शिकवू, भाऊ."

तो कापूस नव्हता, फोम होता. पण हे सांगायला पोरगाही धजला नाही, नवराही धजला नाही. हिरालालनं फक्त एवढं म्हटलं, पटली नाही तर बदलून नेजा, वरचं प्लॅस्टिक तेवढं काढू नका.

पहिल्याच रात्री गादीनं कोकिळाबाईंना गिळलं. कंबर खाली, डोकं वर, पाय वर. कूस बदलायची तर आधी बाहेर यावं लागे. हलल्या की प्लॅस्टिक कुरकुरे, की नानाजी दचकून विचारत, "काऊन वं, झोप नाई येऊन राह्यली?"

हा प्रश्न जगातल्या कुठल्याही नवऱ्यानं कधीही विचारू नये.

आठवडाभर कोकिळाबाईंनी कबूल केलं नाही. आपणच पारखलेला माल वाईट म्हणायचा कसा? आणि एका सकाळी सुमित्राबाईंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षाही गोड होता. "विहीनबाई, आमी हिंगणघाटचा दवाखाना पाहून ठेवला. मोहिनी म्हने आई सांगत नाई, पन आईले उठता येत नाई. तुमी आता आराम करा जी. बाळ घेऊन येऊच ना तुमाले दाखवाले."

दाखवायला! स्वतःचं नातवंड पाहुण्यासारखं दारात येऊन दाखवलं जाणार! या वेळी कोकिळाबाईंचा राग भांड्यांवर भागणारा नव्हता. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ते गादी बांधा. वर्ध्याले चला."

"आत्ता? चहा तं..."

"चहा गेला चुलीत!"

ऑटोच्या टपावर गादी, आत दोघं. दुकानात चारसहा गिऱ्हाइकं होती. हिरालालनं नमस्कार केला, पण कोकिळाबाईंना उत्तर द्यायला सवड नव्हती. "जे तू त्या दिवशी सांगत होता ते कोनती?" हिरालालनं कोपऱ्यातल्या पलंगाकडे बोट केलं. कोकिळाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ कुशीवर आडव्या झाल्या.

"उशी द्या," त्या नानाजींना म्हणाल्या.

नानाजींनी उशी डोक्याकडे नेली.

"डोक्याले नाई! गुडघ्यात!"

सारं दुकान पाहत राहिलं. नानाजींनी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत बायकोच्या गुडघ्यांमध्ये उशी सारली. कोकिळाबाईंनी पाय जरा हलवून जागा लावली. कंबर गादीवर टेकली, बुडाली नाही, अधांतरीही राहिली नाही. कळ वाट पाहत बसलेली असते ती जागा त्यांनी मनातल्या मनात चाचपून पाहिली. कळ आली नाही. "हं," एवढंच त्या म्हणाल्या.

नानाजी बाजूच्या स्टुलावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "कशी वाटते वं?" वाकून पाहिलं तर कोकिळाबाई तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. कित्येक महिन्यांत नानाजींनी तो चेहरा कण्हण्याशिवाय पाहिला नव्हता.

एक गिऱ्हाईक मोठ्यानं भाव विचारू लागलं, तसे नानाजी ताडकन उठले. "हळू बोला ना जी!" हिरालालनंही पंख्याचं तोंड पलंगाकडे वळवलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुमित्राबाई. नानाजी लगबगीनं दाराबाहेर गेले.

"विहीनबाईंले देता का जरा?"

"झोपली आहे जी."

"या वक्ती? घरी बरं नाई का?"

"घरी नाई, दुकानात झोपली आहे," नानाजी काचेतून आत पाहत म्हणाले. "उठवत नाई मी तिले. हिंगणघाटच्या दवाखान्याले नाई म्हनून सांगा, आन् मोहिनीले घेऊन येजा. पाट काढून ठेवतो."