अर्धा कोयता

रुपाबाई आमच्या गावाबाहेरच्या तांड्यावर राहते. दिवाळी झाली की नवरा रूपला आणि ती ऊसतोडीला जायची, उन्हं तापू लागली की परत यायची. मुलगी संगीता सोबतच असे, त्यामुळे तिची शाळा दरवर्षी अर्धी राही. तरी पोरगी नेटाने दहावीत पोचली, माझ्या वैभवीच्या वर्गात.

यंदा नवरा जाईल, पण आपण जायचंच नाही, असं रुपाबाईने ठरवलं होतं. बायकांच्या खात्यात दर महिन्याला सरकारचे पैसे येऊ लागले होते, रेशनचं धान्य फुकट होतं, धाकट्या अमरदीपला अंगणवाडीत खिचडी मिळत होती. गावातच निंदण करून भागवू, संगीता परीक्षा देईल. आमच्या तुरीत निंदताना ती हे इतक्यांदा सांगे की बाया चिडवायच्या, “रुपाबाई आता सरकारची सून झाली वं.” तीही हसायची.

पण ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसं. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीवर चढवायच्या. एकट्याला मुकादम टोळीत घेत नाही. रूपला चुलतभावासोबत जोडी करेल, असं ती धरून चालली होती. त्या भावाचं दिवाळीआधी घाईने लग्न उरकलं आणि त्याची जोडी नव्या नवरीशी लागली.

ट्रक तांड्यावर येऊन उभा राहिला, तेव्हा रुपाबाईने स्वतःचं गाठोडं बांधायला घेतलं. रूपलाने विचारलं, आपण दोघं गेलो तर वयात आलेल्या पोरीजवळ कोण राहील? बाहेर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावात वसतिगृह होणार होतं, ते यंदा उघडलंच नाही. बोलणं चालू असतानाच संगीता ट्रकमध्ये जाऊन बसली. बाप एकटा काय करील, एवढंच म्हणाली.

रूपला म्हणाला, “एका सालाची गोष्ट हाय. पुढच्या साली बसन परीक्षेले.”

तेव्हापासून रुपाबाई घरी आहे. पैसे येतात, धान्य येतं, अमरदीपचं वजन वाढलं आहे. वैभवी सांगते, वर्गात संगीताचं नाव पुकारलं की कुणी ‘गैरहजर’सुद्धा म्हणत नाही.

परवा रुपाबाईने मुलीला फोन लावला. मी अमरदीपला घेऊन उसाच्या फडात येते, तू परीक्षेपुरती माघारी ये, मामीकडे राहा, असं सांगितलं. संगीताने लहान भावाला थंडीत पाचटाच्या खोपीत ठेवायला नको म्हटलं.

“मंग काय म्हणे?” मी विचारलं.

रुपाबाई खुरपं मातीत रोवून बसली होती. “म्हणे, तू तिथीच राह्य माय. मले आता जमते.” मग खुरपं उपसत म्हणाली, “रडली असती ताई, तं मी गेली असती.”

मग ती पुढच्या ओळीला लागली.