जमीलसरांचे तीन डबे

जमीलसर मालेगावच्या विणकर घरातले. सूत चिमटीत धरलं की जाड-बारीक सांगत, पण शेतीशी त्यांचा संबंध भाजीपुरताच. चौऱ्याहत्तर साली वणीजवळच्या एका शाळेत ते लागले आणि हेडमास्तरांनी त्यांच्या गळ्यात नेमका शेतीचा विषय बांधला.

सर घाबरले, पण बोटं कामी आली. ओल्या मातीची वळी वळायची. काळीची लांब होते, वाळूची मोडते. पोरांना हा तास आवडला आणि कपडे मळवायची घरून बंदी असलेला सहादू नावाचा पोरगासुद्धा रोज हजर राहू लागला.

मग साहेब तपासणीला येणार असं कळलं. सरांनी तुपाचे तीन रिकामे डबे आणले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली आणि वाळू, तांबडी, काळी अशी माती आठ दिवस आधीच भरून खिडकीत ठेवली. तयारीत कसूर नको.

साहेब पांढरी पँट घालून आले आणि डब्यांच्या पुढ्यातच बसले.

"काळी माती पाणी धरून ठेवते," सर म्हणाले आणि काळीच्या डब्यात तांब्या ओतला.

पाणी धो धो खाली आलं. वाळूतूनही इतकं झटकन आलं नसतं. साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. पोरं हसू दाबून लाल झाली.

दाराशी झाडू घेऊन भागुबाई उभी होती. शाळा झाडायची, उरलेला वेळ स्वतःच्या शेतात राबायची.

"सर, आठ दिस उन्हात वाळलीय ती. भेगा पडल्यात," ती म्हणाली. "पयलं पाणी भेगंतून जातं. माती नंतर पिती. जरा दम धरा, मंग ओता."

साहेबांनी पाय मागे घेतले. चहा झाला. माती फुगून भेगा मिटल्या, तेव्हा सरांनी दुसरा तांब्या ओतला. पाणी वरच थांबलं. खाली थेंब नाही. साहेब वाकून बघत राहिले, शेवटी म्हणाले, "बाई, हे तुम्हीच शिकवा."

"मला लिवता येत नाय," भागुबाई म्हणाली आणि ओली फरशी पुसायला लागली.

त्यानंतर सर दरवर्षी काळी मुद्दाम वाळवत, पोरांना पैजा लावू देत आणि भागुबाईला शेजारी बसवून घेत.

अठ्ठ्याऐंशीत त्यांची बदली नाशकात गंगापूर रोडला झाली. एसटीत त्यांच्या मांडीवर मातीची पिशवी होती.

"नाशकात माती नाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"आहे," सर म्हणाले, "पण नव्या शाळेच्या पटांगणात फरशी बसवलीय."